समुद्र कुठवर होता

‘आव्हेनिदा दा प्राया ग्रांद.’ भिंतीवर निळ्या-पांढऱ्या टाइल्स, वर चिनी अक्षरं, खाली पोर्तुगीज. ‘प्राया’ म्हणजे किनारा आणि ‘ग्रांद’ म्हणजे मोठा, एवढं पोर्तुगीज गोव्याच्या फेऱ्यांत कानावर पडलेलं होतं. म्हणून मोठ्या किनाऱ्याच्या रस्त्यावर उभी राहून मी समुद्र शोधत होते. एका अंगाला बँका आणि कचेऱ्या, दुसऱ्या अंगाला बांधून काढलेलं एक शांत तळं, त्यापलीकडे पुन्हा रस्ते. भरती नाही, ओहोटी नाही, खाऱ्या पाण्याचा वासही नाही. चीनच्या किनाऱ्यावरच्या जुन्या पोर्तुगीज वसाहतीतला, मकाऊतला, तो माझा तिसरा दिवस होता आणि तोवर मला या शहराची एकही दिशा लागलेली नव्हती.

पहिला दिवस वायाच गेला. हाँगकाँगहून येणाऱ्या फेरीतून उतरलं की धक्क्याबाहेर कॅसिनोवाल्या मोठ्या हॉटेलांच्या फुकट बस उभ्या असतात, कुणीही चढावं. चढले. पूल ओलांडून बसने मला कोताई नावाच्या कॅसिनोंच्या भागात नेऊन सोडलं. व्हेनिशियन या कॅसिनो-हॉटेलाच्या आत छतावर निळं आकाश रंगवलंय, खाली कालवे आहेत, त्यांत होड्या आहेत. त्या आकाशात दिवस कलत नाही. चालत चालत मी एका हॉटेलातून दुसऱ्यात गेले, पादचारी पुलावरून तिसऱ्यात गेले, आणि बाहेर पडले तेव्हा काळोख झाला होता. कुठल्या दाराने आत शिरले होते, उत्तर कुठे, पाणी कुठल्या बाजूला, काही सांगता येईना. दुसऱ्या दिवशी ग्रँड लिस्बोआची खूण धरली. कमळासारखा वर उमलत गेलेला तो सोनेरी मनोरा जुन्या शहरात जवळपास कुठूनही दिसतो. पण कुठूनही पाहिला तरी तो सारखाच दिसतो, त्यामुळे आपण त्याच्या पूर्वेला आहोत की पश्चिमेला हे कळतच नाही. त्याच्याकडे तोंड करून मी तासभर बोळांमधून फिरले आणि निघाले होते त्याच चौकात परत आले.

नकाशावर हे शहर खरं तर सोपं आहे. उत्तरेला चीनच्या चुहाय शहराला चिकटलेलं मकाऊ द्वीपकल्प. त्याच्या दक्षिणेला ताइपा बेट, आणखी दक्षिणेला कोलोआन बेट. या दोन बेटांच्या मध्ये समुद्र होता. साठच्या दशकाच्या शेवटी तिथे बांधासारखा एक रस्ता झाला आणि पुढे त्याच्या दोन्ही बाजूंना भराव पडत गेला. कोलोआनचा ‘को’ आणि ताइपाचा ‘ताइ’ मिळून झालं कोताई. तिथेच आजचे सगळ्यात मोठे कॅसिनो आहेत. जुने विभाग चर्चच्या हद्दींवरून पडलेत, त्यांना फ्रेगेझिया म्हणतात. द्वीपकल्पावर पाच: से, सांतो आंतोनियो, साव लोरेन्सो, साव लाझारो आणि फातिमा. ताइपा कार्मो माउलीच्या नावावर, कोलोआन सेंट फ्रान्सिस झेवियरच्या. कोताई या सातांपैकी कशातच येत नाही.

आणि एक आकडा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मकाऊ जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं होतं. आज ते ३३ च्या आसपास आहे. म्हणजे पायाखालच्या दर तीन पावलांपैकी दोन पावलं पूर्वी पाण्यात पडली असती. भरावावर उभं राहिलेलं शहर मराठी माणसाला नवं नाही, पण हे प्रमाण वाचून मी नकाशा घडी करून ठेवला. प्राया ग्रांदच्या त्या पाटीने मला जे सांगितलं होतं ते या आकड्याने पक्कं केलं. इथे दिशा शोधायची तर समुद्र कुठे आहे हे विचारून भागणार नाही. समुद्र कुठवर होता, हे विचारायला हवं.

माझी उतरण्याची जागा आतल्या बंदराजवळ होती. पोर्तो इंतेरिओर. समोर अरुंद पाणी, त्यापलीकडे दगड मारला तर पोचेल असं वाटावं इतकं जवळ चीन. धक्क्याला समांतर जुन्या दुमजली-तिमजली इमारतींची रांग, खाली दुकानं, वर माणसं. सुकवलेल्या मासळीचा वास सकाळी सगळ्यात दाट असतो. लॉजच्या गल्ल्यावर साठीच्या पुढची एक बाई बसायची. मी मनातल्या मनात तिला मावशी म्हणायला लागले होते. तिचं कँटोनीज मला येत नव्हतं, माझं इंग्रजी तिला चार शब्दांपलीकडे कळत नव्हतं. किल्ली देताना तिने भिंतीवर, माझ्या छातीच्या वर, आडवा हात ठेवला आणि काहीतरी सांगितलं. मला वाटलं, दिव्याचं बटण कुठे आहे ते सांगतेय. मी मान डोलावली.

चौथ्या दिवशी सकाळी बारापासून सुरुवात केली. बारा म्हणजे द्वीपकल्पाचं दक्षिण टोक, तिथे आ-मा देवीचं देऊळ आहे. ही दर्यावर्दी लोकांची देवी. पोर्तुगीज १५५७ मध्ये इथे स्थायिक झाले, त्याआधीपासून तिची पूजा इथे चालत आलेली. आल्या आल्या त्यांनी या जागेचं नाव विचारलं, लोकांनी ‘आ-मा-गाऊ’, म्हणजे आ-मा देवीची खाडी, असं सांगितलं आणि त्याचं मकाऊ झालं अशी कथा सांगतात. देवळापुढच्या चौकात काळ्या-पांढऱ्या दगडी चिपांच्या लाटा आहेत. लहान लहान चौकोनी दगड हाताने ठोकून बसवलेले, मधल्या फटींत वाळू. मी खाली बसून त्यांवर तळवा टेकला. पांढरा दगड गार होता, काळा चांगलाच तापलेला. देऊळ टेकडीच्या कातळाला पाठ लावून बसलंय, आणि त्याचं दार ज्या बाजूला उघडतं तिकडे पाणी. इथे जुना किनारा आणि आजचा किनारा अजून जवळजवळ आहेत. म्हणून सुरुवात करायला ही जागा चांगली.

तिथून वर जाणारा रस्ता टेकडीच्या कण्यावरून चालतो. मकाऊत नीट चालायचं असेल तर हाच रस्ता धरावा. थोडं पुढे गेलं की एक पिवळी, पांढऱ्या नक्षीची, टोकदार कमानींची लांबलचक इमारत लागते. रुंद व्हरांडा, खाली दगडी जोतं. तिला मूरांची बराक म्हणतात. १८७४ मध्ये ती बांधली ती गोव्याहून आणलेल्या हिंदी शिपायांसाठी, मकाऊच्या पोलीस दलाला कुमक म्हणून. मी त्या व्हरांड्याखाली बराच वेळ उभी राहिले. आपल्याकडची ती पोरं इथे येऊन पहाऱ्यावर उभी राहिली असतील तेव्हा समोर नुसतं बंदर असेल, गलबतं असतील. १८४४ पर्यंत मकाऊचा कारभार गोव्याच्या हाताखाली होता. आपण ज्याला दूरचं म्हणतो त्याची कागदपत्रं एके काळी मांडवीच्या काठावरून हलत होती.

पुढे लिलाऊचा चौक. वडासारखी मोठी झाडं, मध्ये जुना झरा. लिलाऊचं पाणी प्यायलेला मकाऊ विसरत नाही, अशी इथली म्हण. मग साव लोरेन्सोचं चर्च, मग सेंट जोसेफ सेमिनरी. तिथे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या दंडाचं हाड जपलेलं आहे. १५५२ मध्ये तो इथून जवळच्याच एका बेटावर वारला, देह जुन्या गोव्यात आणि हे हाड इथे. कण्यावरून चालताना दोन्ही हातांना उतार दिसत राहतो. डावीकडे उतरलात की आतलं बंदर. उजवीकडे उतरलात की प्राया ग्रांद, जिथे मी समुद्र शोधत उभी होते. ते तळं म्हणजे नाम व्हान. नव्वदच्या दशकात प्राया ग्रांदची अर्धचंद्राकृती खाडी बांध घालून बंद केली, तिची तळी झाली. गव्हर्नरची गुलाबी कोठी त्या खाडीकडे तोंड करून होती, आता ती तळ्याकडे बघते. हे कळलं आणि पहिल्यांदा माझ्या डोक्यातलं शहर हललं, बसलं, जागेवर आलं. चढ लागला की जुनी जमीन. सपाट, रुंद, सरळ रस्ता लागला की भराव.

ही खूण मला नंतर कुठेच चुकली नाही.

नावं मात्र चुकवतात. इथे प्रत्येक जागेला दोन नावं आहेत आणि ती एकमेकांची भाषांतरं नाहीत. जुन्या शहराचा मुख्य रस्ता पोर्तुगीजमध्ये आल्मेदा रिबेरो, एका मंत्र्याच्या नावाचा. कँटोनीजमध्ये तोच सान मा लो, नुसता ‘नवा रस्ता’. दोन किनाऱ्यांना जोडायला जुनी वस्ती कापून काढला म्हणून नवा. सेंट पॉलच्या चर्चचा एकटा दर्शनी भाग उरलाय, १८३५ च्या आगीनंतरचा, त्याला लोक दाइ साम बा म्हणतात, त्यात ‘साव पावलो’चा उच्चार दडलाय. तिथल्या पायऱ्यांवरच्या गर्दीबद्दल सगळेच लिहितात, मी लिहीत नाही. टॅक्सीवाल्याला पोर्तुगीज नाव सांगून उपयोग होत नाही हे मात्र लक्षात ठेवावं.

माझी फजिती नावामुळेच झाली. कोलोआनला काळ्या वाळूचा किनारा आहे, हाक सा. बसथांब्यावर मी एकाला ‘हाक सा’ विचारलं, त्याने आपुलकीने एका बसमध्ये चढवून दिलं. भाडं सहा पटाका (हे इथलं चलन), कुठेही जा. अर्ध्या तासाने उतरले तर चहूबाजूंना उंच इमारती, खिडक्यांना लोखंडी पिंजरे, पिंजऱ्यांत वाळत घातलेले कपडे, खाली भाजीवाले. वाळूचा कणही नाही. मी दक्षिणेऐवजी थेट उत्तरेला, चीनच्या सीमेजवळ आले होते. त्या भागाचं नाव हाक सा वान, काळ्या वाळूची खाडी. पोर्तुगीजमध्येही आरेया प्रेता, काळी वाळू. या एका जागेबद्दल दोन्ही भाषांचं एकमत आहे, फक्त ती वाळू आता भरावाखाली आहे.

चुकून गेले ते बरं झालं. पत्ते वाटणारी, ताटल्या उचलणारी, लिफ्ट दुरुस्त करणारी माणसं राहतात ती या पट्ट्यात. जवळच याव होन, तिथल्या सात मजली जुन्या चाळवजा इमारतींना लिफ्ट नाही. मी एका दारातून पाहिलं, एक आजोबा भाजीची पिशवी घेऊन दर जिन्यावर थांबत वर जात होते. सकाळी सीमेवरच्या नाक्यातून माणसांचे लोंढे येतात, कामाला येणारे आणि खेळायला येणारे एकाच रांगेत. नव्या भव्य इमारतीशेजारी १८७० च्या दशकातली पोर्तास दो सेर्कोची, म्हणजे सीमेवरच्या जुन्या वेशीची, छोटी पिवळी कमान बिचारी उभी आहे. परतताना १९३६ चा लाल बाजार लागला. मासळीच्या ओट्यावर एक बाई जिवंत माशाचे खवले काढत होती, हातातली सुरी एकदाही न थांबवता गिऱ्हाइकाशी बोलत होती. कॅसिनोच्या शहरात इतकी खात्रीची हालचाल मी दुसरीकडे पाहिली नाही.

गिया टेकडीवर मी दोनदा गेले. वर १८६५ चा दीपस्तंभ आहे, चीनच्या किनाऱ्यावरचा पाश्चात्त्य पद्धतीचा पहिला. त्याच्याभोवती उंच इमारती होऊन तो झाकला जाऊ लागला तेव्हा गावातली माणसं बोलली, भांडली, आणि २००८ मध्ये त्याच्या आसपासच्या इमारतींच्या उंचीवर मर्यादा आली. या टेकडीच्या उतारावर पारशी दफनभूमी आहे, १८२९ मधली. जवळच्या रस्त्याच्या नावातही पारशी आहेत. फाटकाच्या गजांतून पाहिलं: उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी मांडलेल्या दगडी कबरी, शेवाळ, पडलेली पानं. मुंबई-सुरतेहून कापूस आणि अफू घेऊन चीनच्या कँटन बंदराला येणाऱ्या व्यापाऱ्यांपैकी ही माणसं. व्यापाराचा हंगाम संपला की परदेशी माणसाला कँटनमध्ये राहता येत नसे, मग मुक्काम मकाऊत. दोखमा, म्हणजे पारशी जिथे मृतदेह ठेवतात तो मनोरा, इथे नव्हता, म्हणून मातीत ठेवलं. त्यांना ठेवणाऱ्यांनी जागा निवडली ती समुद्राकडे तोंड असलेली. आज त्या कबरींच्या आणि समुद्राच्या मध्ये भरावावरचा सगळा बाहेरचा बंदर विभाग आहे, कॅसिनोंच्या काचा दुपारी इथवर चकाकतात. जुगाराच्या पैशावर उभं शहर म्हणून मकाऊला नाक मुरडणारे आपल्याकडे पुष्कळ भेटतात. त्या फाटकापाशी उभी राहून मला ते जमलं नाही. अफूच्या पेट्या आपल्याच बंदरांतून निघाल्या होत्या.

हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं आणि मकाऊचा व्यापार तिकडे वळला, तेव्हा १८४७ मध्ये इथल्या सरकारने जुगार कायदेशीर केला. १९६२ पासून चाळीस वर्षं मक्तेदारी एकाच कंपनीकडे होती, २००२ मध्ये ती संपली. २००४ ला सँड्स हा कॅसिनो आला, २००७ ला व्हेनिशियन. कॅसिनोंच्या एकूण उत्पन्नावर थेट ३५ टक्के कर बसतो, आणि २००८ पासून सरकार रहिवाशांना दर वर्षी रोख रक्कम वाटतं. शाळा, दवाखाने, फूटपाथवरचे ते हाताने ठोकलेले दगड, सगळ्यांत हा पैसा आहे. २१ वर्षांखालच्याला कॅसिनोत प्रवेश नाही, सरकारी नोकराला चिनी नववर्षाचे तीन दिवस सोडले तर नाही, आणि कॅसिनोत काम करणाऱ्यालाही कामाच्या वेळेबाहेर नाही. आपल्या माणसाला टेबलापासून दूर ठेवायचं हे या गावाला चांगलं समजतं.

मला जास्त बोलली ती गहाणाची दुकानं. कॅसिनोच्या दारापासून शंभर पावलांत एक तरी असतंच, वटवाघळाने नाणं धरल्यासारख्या आकाराची पाटी. काचेत घड्याळं ओळीने मांडलेली. एका घड्याळाच्या मागच्या बाजूला काहीतरी कोरलेलं दिसत होतं, दोन ओळी चिनी. कुणीतरी कुणालातरी दिलेलं. मी तिथून लवकर निघाले. सान मा लोवर १९१७ ची एक जुनी गहाणपेढी संग्रहालय म्हणून जपली आहे, तेक सेंग ओन. मागे तिचा मालाचा मनोरा, जाड भिंती, खिडक्यांऐवजी अरुंद फटी. आत अंधार आणि लाकडी फळ्या. गरीब माणसं हिवाळ्याचे कपडे उन्हाळ्यात गहाण ठेवायची, ती याच फळ्यांवर.

ताइपाला जाणं मी लांबवत होते, कारण पुन्हा कोताईच्या बाजूला जायचं म्हणजे पुन्हा भोवंडल्यासारखं होणार असं वाटत होतं. तसं झालं नाही. ताइपा गावाच्या मागे, छोट्या चर्चच्या खाली, १९२१ ची पाच हिरवी घरं आहेत. पोर्तुगीज अंमलदारांची. पुढे बैठी ओसरी, तिच्यापुढे रस्ता, रस्त्याला लागून दगडी कठडा आणि झाडं. ही सगळी मांडणी समुद्रावर बसायला केलेली आहे. संध्याकाळी खुर्ची काढायची आणि वारा घ्यायचा, यासाठी. मी कठड्यावर बसले. खाली पाणी आहे, पण ते साचलेलं, कमळांचं आणि बगळ्यांचं. त्यापलीकडे, जिथे क्षितिज असायचं, तिथे कोताई. दिवे लागायला सुरुवात झाली. पहिल्या दिवशी जिथे मी हरवले होते ती जागा मला आता बाहेरून दिसत होती, कुठून कुठवर आहे, कशावर उभी आहे हे कळत होतं. शेजारी एक म्हातारं जोडपं येऊन बसलं. त्यांनी डबा उघडला, मला एक संत्रं दिलं, आणि आम्ही तिघं न बोलता त्या दिव्यांकडे बघत राहिलो. त्यांच्या लहानपणी या कठड्याखाली लाटा होत्या का, हे विचारायला माझ्याकडे भाषा नव्हती.

कोलोआनबद्दल थोडंच सांगते. तिथे अजून गाव आहे, आणि खरीखुरी काळी वाळू आहे, पायांना चिकटणारी. गावासमोर पलीकडच्या काठावर चीनच्या हेंगचिन बेटाचे मनोरे वाढत आहेत. ते पाहून जीव थोडा लहान झाला.

अकराव्या दिवशी वारा बदलला. वादळ दूरून जाणार होतं, पण सखल भागात पाणी शिरेल असा इशारा आला. दुपारी लॉजवर पोचले तर अख्ख्या गल्लीत एकच काम चाललेलं. प्रत्येक दुकानाच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी लोखंडी खाचा असतात. रोज त्या ओलांडून जात होते आणि त्या कशासाठी हे मी कधी विचारलं नव्हतं. मावशी आतून पत्र्याच्या जाड फळ्या ओढून आणत होती. मी दुसरं टोक धरलं. फळ्यांवर खडूने आकडे होते, एक खाली, मग दोन, मग तीन. कडांना रबराची पट्टी, ती नीट बसली की नाही हे ती अंगठ्याने दाबून बघत होती. आतली तांदळाची पोती आधीच वरच्या फळीवर गेली होती.

तिसरी फळी बसल्यावर तिने भिंतीकडे बघितलं आणि पहिल्या दिवशी ठेवला होता तिथेच, माझ्या छातीच्या वर, पुन्हा हात ठेवला. मग बोटांनी आकडे करून दाखवले. दोन, शून्य, एक, सात. त्या ऑगस्टमध्ये हातो नावाचं वादळ आलं होतं, मकाऊत दहा माणसं गेली. बंदराकडची ही सगळी रांग पाण्याखाली होती.

रात्री पाणी आलं. फार नाही. जिन्यावर बसून आम्ही पाहत होतो. धक्क्यापासून ते रस्ता ओलांडत सावकाश आलं, दिव्यांच्या उजेडात चमकत, आणि कण्याकडे जाणारा चढ जिथे सुरू होतो त्या पहिल्या पायरीशी थांबलं. मावशीने चौथी फळी हाताशी उभी करून ठेवली होती. ती बसवावी लागली नाही.